शून्य सावलीखालची जिनिंग

मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास जळगावात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली पायाशीच विरते. शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या १८ तारखेपर्यंत, जवळजवळ आठ आठवडे, भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शाळेत हे शिकलेलं असतं, मग विसरायला होतं. जुन्या गिरणीचं म्युझियम करायला निघालेल्या माणसाला मात्र हे विसरून चालत नाही. गिरणीच्या विणकाम खात्यावरचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर जिथं घडलं, त्या मुलुखात दुपारचा सूर्य उत्तरेला कधीच जात नाही.

लँकेशायर ५३ अंश अक्षांशाच्याही वर. तिथं दात्याची उभी बाजू उत्तरेकडे करून तिला काच लावली, की दुपारचं ऊन आत शिरत नाही. दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो आणि तुटलेला धागा विणकराच्या नजरेतून सुटत नाही. हीच रचना यंत्रांच्या पेट्यांबरोबर बोटीतून आपल्याकडे आली. जळगाव, अमळनेर, धुळे २१ अंशांवर. इथं काच अगदी उभी असली, तरी ते आठ आठवडे दुपारचं ऊन आत येतंच. काच जमिनीशी ६० अंशांत तिरकी असेल आणि वर पुरेशी वळचण नसेल, तर हिशोब आणखी बिघडतो. फेब्रुवारीच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भर दुपारचं ऊन त्या काचेतून खाली पडतं. कामगारांनी ते डोक्याला फडकं बांधून सोसलं. तिथं काचपेटीत शंभर वर्षांचं लुगडं ठेवलं, तर त्याचा रंग दोन-तीन उन्हाळ्यांत उडून जाईल.

म्हणून अशा कामात पहिला प्रश्न ‘काय बसवायचं’ हा नसावा. ही वास्तू उन्हाचं, पावसाचं, वाऱ्याचं काय करते, हा असावा. उत्तर कळायला एक वर्ष लागतं. ते वर्ष वाचवण्याच्या नादात पुढची वीस वर्षं विजेचं बिल भरणारी म्युझियमं पुष्कळ होतात.

खानदेशात अशा वास्तूंना तोटा नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावात १८७० च्या दशकात कापड गिरणी उभी राहिली. पुढे अमळनेरला प्रताप मिल झाली, धुळ्याला आणि चाळीसगावला गिरण्या निघाल्या. गिरण्या मोजक्याच, पण जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणारा कारखाना, मात्र जवळजवळ प्रत्येक कापूसपेठेला: पाचोरा, बोदवड, चोपडा, पारोळा, दोंडाईचा. स्टेशनाजवळ विटांची लांबलचक शेड, एका टोकाला बॉयलर घर आणि चिमणी, दुसऱ्या टोकाला गठाणी बांधायचा प्रेस, मधल्या मोकळ्या आवारात कापसाच्या गाड्या. यातल्या बऱ्याच जागा आज प्लॉट पाडून विकल्या गेल्यात. ज्या उभ्या आहेत, त्या पाडण्याआधी एक साधा हिशोब करावा असं मला मनापासून वाटतं.

६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद शेड धरू. भिंती ४५० मिलिमीटर जाड, ५ मीटर उंच. दारं-खिडक्या वजा जाता साधारण ३०० घनमीटर वीटकाम उरतं, त्यात विटांचं वजन ५०० टनांच्या आसपास. वीट भाजायला किलोमागे एक ते तीन मेगाज्यूल उष्णता लागते. दीड धरला तरी त्या भिंतींत सुमारे दोन लाख युनिटांएवढी उष्णता आधीच खर्ची पडली आहे. भिंती पाडून तिथं नवी ‘ग्रीन’ इमारत बांधायची, तर सिमेंट आणि लोखंडाचा हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ऊर्जा वाचवणारं म्युझियम बांधायचं असेल, तर पहिली बचत न पाडण्यात आहे.

पहिल्या वर्षी मोजमाप. तापमान आणि आर्द्रता टिपणारे लहान डेटा लॉगर आता परवडतात. अशा शेडला दहा-बारा पुरतात: छपराखाली दोन, माणसाच्या उंचीवर चार-पाच, उत्तर आणि पश्चिम भिंतीला एकेक, बॉयलर घरात एक, बाहेर सावलीत एक. नोंद दर अर्ध्या तासाला. लावण्याआधी प्रत्येक लॉगर तपासून घ्यावा, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीच्या झाकणात घरातलं मीठ घ्यायचं, त्यावर ते ओलं होईल इतकंच पाणी घालायचं, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि लॉगर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर घरात ठेवायचं. सकाळी लॉगरनं ७५ टक्के आर्द्रता दाखवायला हवी. ७० किंवा ८० दाखवली, तर तेवढा फरक लॉगरवर चिकटपट्टीनं लिहून ठेवायचा आणि नोंदी वाचताना धरायचा. हे न करता घेतलेली वर्षभराची आकडेवारी शोभेची.

दुसरं मोजमाप भेगांचं. खानदेशातली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरची भिंत तिच्याबरोबर श्वास घेते. भेग दिसली, की गवंडी लगेच सिमेंट भरायला धावतो. मे महिन्यात भेग सगळ्यात रुंद असते. तेव्हा कडक सिमेंटनं ती भरली, की ऑगस्टमध्ये माती फुगून भिंत मिटू पाहते, तिला जागा मिळत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. म्हणून आधी भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरच्या गोळ्यांनी चिकटवावी आणि तिच्यावर तारीख टाकावी. काच तुटली, तर भिंत हलती आहे. सोबत भेगेच्या दोन्ही काठांवर खिळ्यानं खूण करून दर महिन्याला अंतर मोजावं. वर्षभर उघडझाप होऊन भेग मूळ जागी आली, तर दुखणं पाण्याचं आहे. दर वर्षी थोडी जास्तच उघडत असेल, तर पायाचं.

पाण्याचं दुखणं बहुतेक वेळा पन्हळीपासून सुरू होतं. दोन दात्यांच्या मधली, किंवा दोन शेडच्या मधली पन्हळ हा अशा वास्तूचा सगळ्यात दुबळा अवयव. सहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब पट्ट्याचं क्षेत्र १२० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत तिथून सेकंदाला ३.३ लिटर पाणी जातं. १०० मिलिमीटरचा एक उभा पाइप एवढं पाणी नेतो, पण त्याच्या तोंडात कबुतराचं घरटं नसेल तर. तोंड तुंबलं, की पाणी पन्हळीच्या काठावरून आत पडतं, भिंतीत मुरतं, पायाशी जातं. उपाय फार मोठे नाहीत. प्रत्येक पन्हळीला दोन तोंडं द्यावीत, तोंडांवर जाळीचा उंच घुमट बसवावा, दोनशेला एक इतका उतार ठेवावा, आणि काठाच्या थोडं खाली भिंतीबाहेर काढलेलं एक जादा भोक ठेवावं, म्हणजे तुंबल्याचं बाहेरूनच दिसतं. काही जुन्या शेडमध्ये ओतीव लोखंडाचे पोकळ खांबच पावसाचं पाणी खाली नेतात. असे खांब निघाले, तर त्यांना त्या कामातून सुटी द्यावी. ते आतून गंजतात, बाहेरून कळत नाही, आणि ओतीव लोखंडाला साध्या वेल्डिंगनं जोडायला गेलं की ते तडकतं.

खाली आलेलं पाणी भिंतीपासून किमान तीन मीटर दूर न्यावं. भिंतीलगत फरसबंदीचा पट्टा, बाहेर उतरता. पायाशी हिरवळ लावायचा मोह टाळावा. काळ्या मातीत भिंतीच्या एका बाजूला रोज पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, यापेक्षा वाईट काही नाही.

भिंतीला चुना. हे गवंड्याला पटवणं अवघड जातं, कारण सिमेंटचा गिलावा चार दिवसांत हाताला टणक लागतो. जुनी वीट पाणी शोषते आणि सोडते. सिमेंटच्या थरानं ती सोडू शकत नाही, ओल वर चढते आणि गिलाव्याच्या वरच्या काठाला लोणा फुटतो. तो गिलावा काढताना विटेचा चेहराही सोलून येतो. कळीचा चुना विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवावा, जास्त ठेवला तर उत्तम. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, ओलीच्या जागी वाळूतला थोडा भाग सुरखी, म्हणजे विटांची पूड. दर्जा, म्हणजे विटांमधला सांधा, भरण्याआधी तो दोन-अडीच सेंटिमीटर खोल खरवडून धुवावा. काम एप्रिल-मेमध्ये काढू नये, चुना जळतो. काढलंच, तर ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस ठेवावं. दिवाळीनंतरचा काळ याला सगळ्यात चांगला.

आता छप्पर. माझ्या मते पैसा इथं ओतावा, आणि बाकीच्या कशालाही हात लावण्याआधी.

उघडा लोखंडी पत्रा चौरस मीटरमागे, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाला साधारण पाच वॉट उष्णता आत सोडतो. मेच्या दुपारी पत्र्याचा वरचा भाग ६५ अंशांना टेकतो. आत ३५ अंश धरले, तर फरक ३० अंशांचा, म्हणजे चौरस मीटरला १५० वॉट. १,२०० चौरस मीटरच्या छपरातून १८० किलोवॉट. ही उष्णता एअर कंडिशनरनं बाहेर फेकायची, तर पन्नास टनांचं यंत्र लागेल, आणि तेही फक्त छपरासाठी. पत्र्याखाली ७५ मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) आलं, की तोच आकडा चौरस मीटरला १५ वॉटच्या आत येतो, एकूण १७ किलोवॉट, पाच टन. प्रत्यक्षात लोखंडी पट्ट्यांतून थोडी उष्णता चोरवाटेनं येते, त्यामुळे आकडा जरा वाढतो. तरी नव्वद टक्के भार गेला, आणि तो कायमचा गेला. रॉकवूलला वीज लागत नाही.

करण्याची पद्धत अशी. जुना पत्रा सिमेंटचा असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालायचं. तो फोडायचा नाही, ड्रिल मारायचा नाही. पाणी मारून ओला ठेवत, हूक सोडवून अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळायचा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचा. काम करणाऱ्याला साधा कापडी मास्क पुरत नाही, सूक्ष्म धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. आपल्याकडे उतरवलेला पत्रा गोठ्यावर घालायला कुणीतरी मागतोच. देऊ नये. तुटलेल्या कडेतून निघणारे तंतू गुरांच्याही आणि माणसांच्याही छातीत जातात.

कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, उघड्या पडल्या, की त्यांच्यावर दशकांची रुई साचलेली दिसते, तेलात भिजलेली, काळी. ती हवेच्या झोतानं उडवू नये, व्हॅक्यूमनं ओढावी. ती पूर्ण निघेपर्यंत शेडमध्ये वेल्डिंगची ठिणगी पाडू नये. अशी रुई लगेच भडकेलच असं नाही, आतल्या आत धुमसत राहते. माणसं घरी गेल्यावर, रात्री दोन वाजता पेटते.

मग कैच्यांवर आतला पत्रा, त्यावर रॉकवूल, मध्ये वारा खेळायला थोडी पोकळी, वर पांढऱ्या रंगाचा नवा पत्रा. वजनाचा हिशोब इथं गंमतशीर निघतो. सिमेंटचा पत्रा चौरस मीटरला १३ ते १५ किलो भरतो, नवं दुहेरी छप्परही जवळजवळ तेवढंच. छप्पर साध्या पत्र्याचंच ठेवलं, तर ते बरंच हलकं होतं, आणि हलक्या छपराला वाऱ्याची भीती जास्त. रावेर-यावलकडे पावसाळ्याआधीच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वाऱ्यात पत्रे उडतात. जुन्या कैच्या नुसत्या भिंतीवर टेकवलेल्या असतील, तर त्या लोखंडी पट्ट्यांनी भिंतीत दीड-दोन मीटर खाली बांधून घ्याव्यात. पत्र्याला जुने हूक वापरू नयेत, रबरी वॉशरचे स्क्रू वापरावेत, आणि वळचणीच्या काठाला ते दुप्पट दाट असावेत. छप्पर नेहमी काठापासून सुटतं.

दात्यांच्या काचांना बाहेरून ४५ ते ६० सेंटिमीटरची वळचण द्यावी, उन्हाच्या कोनाचा नकाशा काढून. आतून पडदे लावले, तर ऊन आत आल्यावर अडतं, म्हणजे उष्णता आलेलीच असते. करवती छपराची खरी मौज पुढे आहे. काच उत्तरेला, म्हणजे तिरका उतार दक्षिणेला. तो उतार वीस-पंचवीस अंशांचा असेल, तर २१ अंशांवरच्या गावाला सोलर पॅनेलसाठी याहून चांगला कोन सापडणार नाही. शंभर वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांना कल्पनाही नव्हती. एक किलोवॉटला दहा चौरस मीटर जागा धरावी. ३०० चौरस मीटर उतारावर ३० किलोवॉट बसतात, आणि आपल्या उन्हात किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं, वर्षाला सुमारे ४४ हजार. दोन गोष्टी आधी बघाव्यात. कैच्यांना चौरस मीटरमागे आणखी १५ किलो झेपतात का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्यावं. आणि चिमणीची सावली हिवाळ्यात कुठंवर फिरते, हे डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष पाहावं. मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळेल, ही समजूत चुकीची. पॅनेल ६५ अंशांवर गेलं, की त्याची ताकद चौदा-पंधरा टक्क्यांनी घटते, म्हणून त्याच्याखाली हातभर मोकळी हवा ठेवावी.

एवढं झाल्यावर थंडाव्याचा विचार करावा, आणि तोही अख्ख्या शेडचा नाही. ६० बाय २० मीटरची, सरासरी सहा मीटर उंच शेड म्हणजे ७,२०० घनमीटर हवा. तिच्यात लोखंडी यंत्रं उभी राहणार. त्यांनी ४० अंश आयुष्यभर पाहिले आहेत. थंडावा हवा तो कापडाला, कागदाला, फोटोंना. त्यांच्यासाठी शेडच्या आत स्वतंत्र खोली बांधावी, १५० चौरस मीटरची, तीन मीटर उंच. ४५० घनमीटर, म्हणजे शेडच्या सोळाव्या भागाएवढी हवा. आतली खोली जुन्या भिंतीला कुठंच टेकू नये. चारी बाजूंना माणूस फिरेल एवढी जागा सुटली, की जुनी भिंत बघताही येते आणि दुरुस्तही करता येते. शिवाय ४५० मिलिमीटरच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोहोचायला बारा तासांच्या आसपास लागतात. दुपारी दोनचा तडाखा मध्यरात्री आतल्या बाजूला जाणवतो, तेव्हा म्युझियम बंद असतं. ही देणगी जुन्या वास्तूनं फुकट दिली आहे, ती आतून जिप्सम बोर्ड ठोकून झाकू नये.

बघायला आलेल्या माणसांसाठी तिकीटघर, बसायची जागा, व्याख्यानाचा कोपरा, असं शंभर चौरस मीटर गार ठेवावं, आणि ते कूलरनं. ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या पॅडमधून आलेली हवा २८ अंशांपर्यंत खाली येते. तासाला दहा हजार घनमीटर हवा पुरते, पाणी लागतं तासाला सुमारे ७० लिटर. दिवसाचे आठ तास, एप्रिलच्या सुरुवातीपासून ७५ दिवस, वर टाकीतून सोडायचं थोडं पाणी धरून पन्नास हजार लिटर. खानदेशात उन्हाळ्यात एवढं पाणी कूलरला मागणं बरं दिसत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यानं पॅड एका हंगामात दगड होतात. पण त्याच छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १,२०० चौरस मीटरवरून साडेसहा लाख लिटरहून जास्त पाणी मिळतं. बहुतेक जिनिंगमध्ये बॉयलरसाठी किंवा आगीसाठी बांधलेला मोठा हौद असतोच. तो गाळ काढून, चुन्याची दुरुस्ती करून, वर झाकण घालून पन्नास हजार लिटरला तयार करावा. पहिल्या दोन सरी सोडून द्याव्यात, उजेड आत जाऊ देऊ नये, हवेच्या भोकांना डासांची जाळी लावावी. पावसाचं पाणी मऊ, पॅड चार-पाच वर्षं टिकतात. मोठ्या शेडमध्ये छतापासून लोंबणारे बीएलडीसी पंखे पुरेत. जुना पंखा ७५ वॉट खातो, हा तिसाच्या आसपास, आणि अंगावर वारा लागला की दोन-तीन अंश कमी भासतात.

मात्र हा कूलर १५ जूनला बंद करावा आणि त्याच्यावर कापड घालावं. पावसाळ्यात कूलर चालू ठेवणं म्हणजे म्युझियममध्ये बुरशीची शेती.

खानदेशातलं म्युझियम उन्हाळ्यात खराब होतं असं सगळे समजतात. ते खराब होतं जुलै ते सप्टेंबरमध्ये. मेमध्ये १५-२० टक्क्यांवर असलेली आर्द्रता ऑगस्टमध्ये ८५ वर जाते. ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस गेले, की कापडावर आणि कागदावर बुरशी धरते. या दिवसांत बाहेर फक्त २७ अंश असतात. तेव्हा गारव्याची गरज नसते, हवा कोरडी करायची गरज असते. पण यंत्र असतं एअर कंडिशनर आणि त्याचा रिमोट २० वर लावलेला. भिंती गार पडतात, दार उघडलं की दमट हवा आत येऊन त्यांच्यावर घामते. आणि संध्याकाळी सहा वाजता वीज वाचवायला सगळं बंद होतं. दिवसा ४५ टक्के, रात्री ८०, पुन्हा दिवसा ४५. ही रोजची ओढाताण सुती धाग्याला कायमच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त मारते.

४५० घनमीटरच्या खोलीत तासाला निम्मी हवा फटींतून बदलत असेल, तर २७ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ६० टक्क्यांवर आणायला दिवसाला सुमारे ३६ लिटर पाणी काढावं लागतं. तीच हवा तासाला दोनदा बदलत असेल, तर १४५ लिटर. म्हणजे दाराच्या खालची रबरी पट्टी आणि दोन दारांमधली छोटी खोली हीच सगळ्यात स्वस्त यंत्रणा. मग साधा डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालवूनही खर्च एसीच्या काही हिश्श्यात बसतो. संग्रहासाठी वर्षभर ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान, हळूहळू सरकत गेलं तर चालेल, असं जगभरातली मोठी म्युझियमंच आता म्हणतात. सगळ्यांना बाराही महिने २० अंश आणि ५० टक्के हवेत, हा जुना हट्ट होता. आपल्या उन्हाळ्यात २५ ची ती वरची रेघ पाळणंही महाग. सुती कापडाला २७ अंशांवर ठेवावं आणि आर्द्रतेची रेघ मात्र पाळावी, असं माझं मत आहे. फार नाजूक वस्तूला घट्ट काचपेटी आणि तिच्या तळाशी आधी ५० टक्क्यांवर आणलेलं सिलिका जेल, साधं असेल तर घनमीटरमागे वीस किलो. त्याला वीज जाण्याची भीती नाही.

कापडावरच्या उजेडाचा हिशोब कडक आहे. कच्च्या रंगाच्या कापडाला वर्षाकाठी १५ हजार लक्स-तास (उजेडाची तीव्रता गुणिले तास) ही मर्यादा मानतात. ५० लक्सच्या मंद उजेडात दिवसाला आठ तास ठेवलं, तर ती मर्यादा ३८ व्या दिवशी संपते. त्यामुळे जुनं पातळ कायमचं टांगून ठेवता येत नाही. संग्रहात सहा असतील, तर एकेक पाळीनं काढायचं आणि बाकीची अंधारात, आम्लविरहित कागदात गुंडाळून. माणूस उभा राहिला की लागणारा आणि गेला की विझणारा दिवा कापडाचं आयुष्य वाढवतो, आणि वीजही वाचवतो.

चिमणीवर पिंपळ असतोच. तो उपटू नये. मुळं विटांच्या सांध्यांतून फूटभर आत गेलेली असतात. ओढलं की वरचे चार थर घेऊन येतात. बुंधा तळाशी कापावा, ताज्या कापावर लगेच औषध लावावं, मुळं आतच मरू द्यावीत, आणि वर्षभरानं पोकळी चुन्याच्या पातळ रबडीनं भरावी. वर वीजवाहक बसवावा. मग चिमणी कामालाही लावता येते. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा दहा अंश गार असेल, तर तीस मीटरच्या चिमणीत जवळजवळ बारा पास्कलची ओढ तयार होते, पंख्याशिवाय. नोव्हेंबर ते मार्च तिनं शेड रात्रभर निवते. दिवसा मात्र खालचं झाकण घट्ट मिटलेलं हवं, नाहीतर उन्हाळ्यात बाहेरची ४३ अंशांची हवा शेडमध्ये ओढली जाईल. झाकण उघडायची आणि मिटायची वेळ पहारेकऱ्याच्या रोजच्या कामाच्या यादीत लिहावी. न लिहिलेलं झाकण महिन्याभरात कायमचं उघडं किंवा कायमचं बंद होतं.

यंत्रांबद्दल एक कळकळीची विनंती. त्यांना चकचकीत ऑइलपेंट देऊ नका. वाळूचा मारा करून गंज काढू नका. तेल आणि रुईनं बनलेला जुना काळा थर रॉकेलच्या बोळ्यानं हळूहळू पुसावा, खालच्या रंगाचे पापुद्रे जिथं आहेत तिथं राहू द्यावेत, आणि वर पारदर्शक मेणाचा पातळ हात फिरवावा. हलवण्याआधी प्रत्येक भागाला क्रमांकाची पट्टी आणि चारी बाजूंनी फोटो. पट्टा कुठल्या पुलीवरून कुठं जात होता, हे एकदा सुटलं की पुन्हा सांगणारं कुणी राहत नाही. प्रदर्शनात ठेवायचा कापूस आणि सरकी आधी उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये घट्ट पिशवीत आठवडाभर ठेवावी, नाहीतर तिच्यातली कीड शेजारच्या लुगड्यात जाते. सरकी उघडी ठेवली, तर उंदीर आलेच.

पाट्या मराठीत, आणि शेजारी अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत. कामगारांच्या तोंडी अवजारांना जी नावं होती, ती त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. हे काम छपराच्याही आधी सुरू करावं. भिंती दहा वर्षं थांबतात, ही माणसं थांबत नाहीत.

आणि सगळे रेचे, म्हणजे सरकीपासून रुई सोडवणारी यंत्रं, मुके ठेवू नयेत. एक रेचा चालता ठेवावा. पाच अश्वशक्तीची मोटर, दिवसातून दहा मिनिटं, फार तर पाऊण युनिट. पुढे पारदर्शक जाड पॉलिकार्बोनेटची आड, वर धूळ ओढणारा छोटा पंखा, हाताशी लाल बटण. त्याचा चामडी रोलर वापरात गुळगुळीत होतो, मग रुई पकडत नाही. त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात आणि स्थिर चाकूशी त्याचा दाब नव्यानं जुळवावा लागतो. दाब जास्त झाला तर चामडं जळाल्याचा वास येतो, कमी झाला तर सरकीला रुई तशीच चिकटून खाली पडते. जुना फिटर हे आवाजावरून ओळखतो. गावात असा एक जरी उरला असेल, तर त्याच्या हाताखाली दोन तरुण मुलं नेमावीत, पगारावर, आणि पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यांची ओळ डीह्युमिडिफायरच्या वर लिहावी.